निर्यातीची पेटी बंद करण्यापूर्वी: नाशिकच्या लघुउद्योजकाने दुहेरी उपयोगाचा माल कसा ओळखावा

नाशिकच्या कारखान्यांतला निर्यातीचा माल प्रामुख्याने ज्या न्हावा शेवा बंदरातून समुद्राला लागतो, त्याच बंदरात २०२४ च्या जानेवारीत सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी चीनहून कराचीला निघालेल्या एका जहाजावरचा माल अडवला. त्यात तोफा नव्हत्या की दारूगोळा नव्हता. इटलीतील एका कंपनीने बनवलेली सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने चालणारी, यंत्रसामग्री होती. ती क्षेपणास्त्रांच्या कामी येऊ शकते, असा भारतीय यंत्रणांचा संशय होता, तर मोटार उद्योगाला सुटे भाग पुरवणाऱ्या कराचीच्या एका व्यावसायिक संस्थेने मागवलेली ती साधी लेथ आहे, असे पाकिस्तानचे म्हणणे होते. अंबड किंवा सातपूरमधील ज्या उद्योजकाचे आयुष्य मोटारीचे सुटे भाग बनवण्यात गेले, त्याने ही दोन्ही म्हणणी एकदा शेजारी ठेवून वाचावीत. ज्या वस्तूचा उपयोग कारखान्यातही होतो आणि अस्त्रनिर्मितीतही होऊ शकतो, तिला दुहेरी उपयोगाचा माल म्हणतात, आणि आपल्या औद्योगिक वसाहतीत असा माल वाटतो त्यापेक्षा बराच बनतो.

हा माल पाठवण्यापूर्वी कसा ओळखावा, ऑर्डर देणाऱ्या पार्टीची पारख कशी करावी आणि परवान्याचा अर्ज कोठे करावा, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. परंतु बंदरावरचा अधिकारी आपल्या पेटीकडे ज्या नजरेने पाहतो ती नजर त्याला कोणी दिली, हे ठाऊक नसेल, तर पुढचे नियम केवळ सरकारी कटकट वाटतील. म्हणून आधी थोडे त्याविषयी.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला, तेव्हा त्याची अण्वस्त्रे रशियाखेरीज युक्रेन, बेलारूस आणि कझाकस्तान या तीन नव्या देशांत विखुरलेली राहिली. सॅम नन आणि रिचर्ड लुगर या अमेरिकेच्या दोन सिनेटरांनी पुढाकार घेऊन असा कायदा संमत करून घेतला की, कालपर्यंतच्या शत्रूची अस्त्रे मोडण्यासाठी अमेरिकेने स्वतःच्या तिजोरीतून पैसे द्यावेत. १९९६ च्या अखेरीपर्यंत त्या तिन्ही देशांतील अण्वस्त्रे रशियाकडे परत गेली. कझाकस्तानातील एका धातू कारखान्यात पडून असलेले सुमारे ६०० किलो अतिसमृद्ध युरेनियम १९९४ मध्ये विमानाने अमेरिकेला नेण्यात आले, आणि बेकार झालेल्या अणुशास्त्रज्ञांनी आपले ज्ञान विकू नये म्हणून त्यांना नागरी संशोधनाची कामे देणारे केंद्र मॉस्कोत उघडण्यात आले. परदेशी मदत म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर धान्याची पोती किंवा धरणांसाठीची कर्जे येतात; ही मदत त्या जातीची नव्हती.

या मदतीचे स्वरूप पुन्हा बदलले ते २००३ मध्ये. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात लिबियाकडे निघालेले ‘बीबीसी चायना’ नावाचे जहाज इटलीच्या तारांतो बंदराकडे वळवण्यात आले आणि त्यावरील पाच कंटेनरांत युरेनियम समृद्ध करणाऱ्या सेंट्रिफ्यूजचे, म्हणजे अतिवेगाने फिरणाऱ्या यंत्रांचे, भाग सापडले. पाकिस्तानचे अणुशास्त्रज्ञ अब्दुल कादिर खान यांच्या जाळ्याने ती ऑर्डर फिरवली होती. आपल्यासारख्यांनी लक्षात ठेवावी अशी गोष्ट पुढेच आहे. ते भाग कोणत्याही गुप्त प्रयोगशाळेत बनलेले नव्हते, तर मलेशियातील एका खासगी मशीन शॉपमध्ये बनले होते, आणि ते तेल व वायू उद्योगासाठी दुबईला जात आहेत अशी आपली समजूत होती, असे त्या कंपनीने सांगितले. ड्रॉइंग आले, भाव ठरला, माल बनला, पैसे मिळाले. जॉबवर्क करणाऱ्या कोणाही माणसाला यात वावगे काय ते चटकन सांगता येणार नाही.

त्यानंतर काही महिन्यांतच, २८ एप्रिल २००४ रोजी, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने १५४० क्रमांकाचा ठराव संमत केला. अण्वस्त्रे, रासायनिक व जैविक अस्त्रे आणि ती वाहून नेणारी साधने बिगरसरकारी टोळ्यांच्या हाती पडू नयेत, यासाठी कायदे करणे आणि निर्यातीवर नियंत्रण ठेवणे या ठरावाने प्रत्येक देशाला बंधनकारक केले. असे कायदे करण्याची कुवत सर्वच देशांकडे नसते, हेही त्याच ठरावाने मान्य केले आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी इतरांना साहाय्य करावे, असे आवाहन केले. या कामी नेमलेली समिती स्वतः पैसे वाटत नाही. ती मदत मागणाऱ्याची आणि देणाऱ्याची गाठ घालून देते. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचा निर्यात नियंत्रण आणि सीमा सुरक्षा कार्यक्रम, युरोपीय संघाचा अशाच स्वरूपाचा कार्यक्रम, जपानने १९९० च्या दशकापासून टोकियोत भरवलेली आशियाई देशांची परिसंवादमाला, हे सारे या मदतीचेच प्रकार आहेत. तिच्यात रोख रक्कम थोडी आणि विद्या फार असते: कायद्याचे मसुदे, किरणोत्सार मोजणारी उपकरणे आणि, सर्वांत मोलाचे म्हणजे, सीमाशुल्क अधिकाऱ्यांना माल नजरेने ओळखायला शिकवणारे वर्ग. साधा पाइप आणि सेंट्रिफ्यूजला चालेल असा पाइप यांत फरक कसा करावा, हे त्या वर्गांत नमुने हातात देऊन शिकवतात. भारतही आता केवळ घेणाऱ्यांच्या रांगेत नाही. हरियाणातील बहादूरगडजवळच्या जागतिक अणुऊर्जा भागीदारी केंद्रात आपण इतर देशांच्या अधिकाऱ्यांना अणुसुरक्षेचे प्रशिक्षण देतो.

या मदतीला सत्तेच्या लहरीही लागतात. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी विकास साहाय्य ९० दिवसांसाठी स्थगित केले, तेव्हा जगभरातील अनेक उपक्रम अर्ध्यावर थांबले. पण एकदा शिकलेली नजर कोणी परत मागून नेऊ शकत नाही, आणि मदतीच्या काळात झालेले कायदेही पुस्तकात राहतात. सिंगापूरने २००२ मध्ये, संयुक्त अरब अमिरातीने २००७ मध्ये, मलेशियाने २०१० मध्ये आणि फिलिपिन्सने २०१५ मध्ये असे कायदे केले. नाशिकची पेटी आज यांपैकी कोणत्याही बंदरात उघडली, तर ती उघडणाऱ्याला आत काय पाहायचे ते ठाऊक असण्याची शक्यता बरीच आहे. तेव्हा तीच नजर आपण आपल्या शॉप फ्लोअरवर, पेटी बंद होण्याआधी वापरणे शहाणपणाचे.

आता प्रत्यक्ष रीत. भारतात अशा मालाची जी यादी आहे तिला ‘स्कोमेट’ (स्पेशल केमिकल्स, ऑरगॅनिझम्स, मटेरियल्स, इक्विपमेंट अँड टेक्नॉलॉजीज) म्हणतात आणि ती विदेश व्यापार महासंचालनालयाच्या, म्हणजे सर्वजण ज्याला डीजीएफटी म्हणतात त्या कार्यालयाच्या, संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. तिच्यात ० पासून ८ पर्यंत क्रमांकांचे प्रवर्ग आहेत. शून्य क्रमांकात अणुसामग्री येते आणि तिचा परवाना अणुऊर्जा विभाग देतो. सहाव्यात थेट युद्धसामग्री येते आणि तिचा परवाना संरक्षण उत्पादन विभागाकडे असतो. उरलेल्यांचा कारभार मुख्यतः डीजीएफटीकडे आहे. रसायने, सूक्ष्मजीव, साहित्य व प्रक्रिया यंत्रे, अणुक्षेत्राशी संबंधित इतर उपकरणे, हवाई व अवकाश प्रणाली आणि आठव्या प्रवर्गात इलेक्ट्रॉनिक्सपासून सेन्सर व लेझरपर्यंतचा पसारा, अशी तिची ढोबळ मांडणी आहे. यादी वेळोवेळी सुधारली जाते, त्यामुळे तीन वर्षांपूर्वी कोणी छापून दिलेली प्रत टेबलाच्या काचेखाली ठेवून तिच्यावर विसंबू नये.

यादी उघडण्याआधी मात्र आपल्या मालाचा कागद तयार करावा. बहुतेकांची चूक येथेच होते. शिपिंग बिलावर मालाचा जो वर्गीकरण क्रमांक, म्हणजे एचएस कोड, लिहायचा तो सीएचएला, म्हणजे सीमाशुल्काचे काम पाहणाऱ्या दलालाला, विचारला जातो, तो कोड सर्वसाधारण निघाला की प्रश्न मिटला असे समजले जाते. हा कोड मुख्यतः मालाचा व्यापारी वर्ग आणि जकात ठरवतो. पाइपची ताकद किंवा यंत्राची अचूकता त्यातून कळत नाही, आणि स्कोमेटचा निर्णय तर याच गोष्टींवर होतो. म्हणून कागदावर धातूची ग्रेड, तिची उष्णता प्रक्रिया, बाहेरचा व्यास, भिंतीची जाडी, टॉलरन्स (मापात चालणारा फरक), कमाल दाब किंवा वेग, द्रवाला लागणाऱ्या पृष्ठभागाचे मटेरियल, अशी मापे लिहावीत आणि सोबत मटेरियलचे टेस्ट सर्टिफिकेट जोडावे. हे काम मालकाने ऑफिसात बसून करू नये, ज्याने तो भाग मशीनवर घेतला आहे त्याला शेजारी बसवून करावे.

नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराला ही गोष्ट अधिक खुलवून सांगावी लागणार नाही. २०१० मध्ये वाढनियंत्रक औषधाच्या अंशावरून युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले, तेव्हा द्राक्षे दिसायला उत्तमच होती. प्रश्न अंश किती, या एका आकड्याचा होता. आज निर्यातीच्या बागेची नोंदणी आणि तोडणीपूर्वीची अंश तपासणी येथे अंगवळणी पडली आहे. यंत्राच्या भागांचेही तसेच आहे. वस्तूचे नाव यादीत आहे की नाही, याने अर्धाच निर्णय होतो; ती आकड्याच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे पाहिल्यावर तो पूर्ण होतो.

काही आकडे उदाहरणादाखल पाहू. अणुसामग्री पुरवणाऱ्या देशांच्या अणुपुरवठादार गटाच्या यादीनुसार ७५ मिलिमीटरपेक्षा अधिक बाह्य व्यासाचा आणि सामान्य तापमानाला ४६० मेगापास्कल किंवा त्याहून अधिक ताण सोसू शकणारा अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूचा पाइप अथवा भरीव दंडगोल नियंत्रित आहे. ७०७५ ही ग्रेड टी-६ या उष्णता प्रक्रिया केलेल्या अवस्थेत ही मर्यादा सहज ओलांडते, आणि ही ग्रेड ओझरच्या विमान कारखान्यासाठी जॉबवर्क करणाऱ्यांच्या ओळखीची आहे. मोटरचा वेग बदलणारे साधे ड्राइव्ह बाजारात खंडीभर मिळतात, परंतु बहुफेज आउटपुट देणारे, ६०० हर्ट्झ किंवा त्याहून अधिक वारंवारितेला चालणारे आणि वारंवारिता अत्यंत काटेकोर राखणारे ड्राइव्ह सेंट्रिफ्यूज फिरवू शकतात, म्हणून ते नियंत्रित आहेत. रासायनिक अस्त्रांच्या बाबतीत ऑस्ट्रेलिया गट नावाने ओळखल्या जाणाऱ्या देशसमूहाची यादी १०० लिटरपेक्षा मोठ्या आणि २०,००० लिटरपेक्षा लहान अशा रिअ‍ॅक्शन व्हेसलकडे पाहते, मात्र आतला पृष्ठभाग काचेचा, जास्त निकेलच्या मिश्रधातूचा किंवा तशाच गंजरोधक पदार्थाचा असेल तरच. म्हणजे ग्लास लाइन्ड रिअ‍ॅक्टर बनवणाऱ्याने थांबून विचार करावा. वायनरीसाठी स्टेनलेस स्टीलच्या टाक्या बनवणाऱ्या फॅब्रिकेटरला या कलमाची भीती नाही. हा भेद मी मुद्दाम सांगतो आहे, कारण अर्धवट माहितीमुळे धास्तावून चांगल्या ऑर्डरी नाकारणारेही पाहिले आहेत.

ट्रायइथेनॉलअमाइन हे आणखी एक बोलके उदाहरण. सौंदर्यप्रसाधनांत ते असते, कटिंग ऑइलमध्येही असते, त्यामुळे मशीन शॉपच्या हवेला त्याचा परिचय आहे; आणि तेच नायट्रोजन मस्टर्ड या विषारी अस्त्राचे पूर्वद्रव्य म्हणून रासायनिक अस्त्रबंदी कराराच्या तिसऱ्या अनुसूचीत नोंदलेले आहे. ते शुद्ध रूपात पाठवणाऱ्या रसायन व्यापाऱ्याला नियम लागू होतात. मिश्रणात प्रमाण किती आहे यावर ते बदलतात, म्हणून रसायनाच्या पाठवणीत टक्केवारी लिहिल्याखेरीज पुढे जाऊ नये.

यादीत माल सापडला म्हणजे आपण गुन्हा केला, असे मुळीच नव्हे. २००१ मध्ये इराककडे निघालेले ७०७५-टी६ अ‍ॅल्युमिनियमचे ८१ मिलिमीटर व्यासाचे पाइप जॉर्डनमध्ये पकडले गेले, ते सेंट्रिफ्यूजसाठी आहेत असे अमेरिकेने जगाला सांगितले, आणि २००३ च्या युद्धानंतरच्या तपासात ते साध्या तोफखाना रॉकेटांसाठी मागवलेले असल्याचे दिसले. पकडणाऱ्यांची नजर माप ओळखण्यात चुकली नव्हती. माप पाहून हेतू ठरवण्यात ती चुकली. त्यामुळेच परवाना देणारी यंत्रणा केवळ मालाकडे पाहत नाही, घेणाऱ्याकडेही पाहते, आणि आपणही तसेच पाहायला हवे.

घेणाऱ्याची पारख हा या कामाचा सर्वांत नाजूक भाग आहे, आणि यात आपल्या व्यापारी माणसाची उपजत बुद्धी कोणत्याही यादीपेक्षा जास्त उपयोगी पडते. समजा, एखाद्या अनोळखी ट्रेडिंग कंपनीकडून उच्च प्रतीच्या अ‍ॅल्युमिनियम नळकांड्यांची चौकशी आली. कंपनीचा पत्ता मुक्त व्यापार क्षेत्रातील एका खोलीचा आहे. तिचा व्यवसाय विचारला तर उत्तर गोलमोल मिळते. भाव करण्याची तिला घाई नाही, उलट अ‍ॅडव्हान्स पूर्ण द्यायची तयारी आहे. बसवणी, प्रशिक्षण, वॉरंटी यांपैकी काहीच नको आहे. ड्रॉइंगवर शीर्षकाचा चौकोन कोरा आहे, किंवा कंपनीचे नाव पुसलेले आहे. माल जेथे वापरायचा त्या जागेऐवजी फ्रेट फॉरवर्डरच्या, म्हणजे मालवाहतूक करून देणाऱ्या मध्यस्थाच्या, गोदामाचा पत्ता अंतिम ठिकाण म्हणून दिला आहे, आणि पेटीवर केवळ ‘मशिनरी पार्ट्स’ लिहा अशी विनंती आहे. यांतली एकेक गोष्ट निर्दोष असू शकते. दुबईत हजारो सचोटीच्या ट्रेडिंग कंपन्या आहेत. पण तीन-चार एकत्र आल्या, तर मलेशियातील त्या मशीन शॉपची आठवण ठेवावी. अशा वेळी पार्टीला तीन प्रश्न लेखी विचारावेत: हा भाग कोणत्या यंत्रात बसणार आहे, ते यंत्र कोणाच्या आवारात आहे, आणि तेथून पुढे तो कोणाला विकला जाणार आहे का. खरा ग्राहक या प्रश्नांनी दुखावत नाही, कारण त्याला त्याच्या देशातही असेच प्रश्न विचारले जातात. घेणाऱ्याच्या देशात असा कायदा असेल, तर तेथील कागदपत्रांची प्रतही मागून घ्यावी. परदेशी मदतीने उभ्या राहिलेल्या त्या व्यवस्थेचा आपल्याला होणारा थेट उपयोग तो हाच.

येथे एक कायदेशीर मुद्दा न विसरता समजून घ्यावा. माल यादीत नसला तरी तो सामूहिक संहाराच्या अस्त्रांसाठी किंवा त्यांच्या वाहक साधनांसाठी जाणार आहे हे आपल्याला ठाऊक असेल, तर तो पाठवणे भारतात गुन्हा आहे. याविषयीचा कायदा २००५ मध्ये झाला, आणि २०२२ मध्ये दुरुस्ती करून अशा व्यवहारांना पैसा पुरवण्यावरही बंदी घालण्यात आली. संशय आला असूनही डोळेझाक केली, तर ‘आम्हाला माहीत नव्हते’ हे उत्तर टिकेलच असे नाही. म्हणून शंका आली की पाठवणी थांबवून डीजीएफटीला लेखी विचारावे. याने ऑर्डर महिनाभर लांबते हे खरे, आणि हप्ते डोक्यावर असलेल्या लहान कारखानदाराला महिनाभर थांबणे किती जड जाते याची मला कल्पना आहे. तरीही याला पळवाट नाही.

माल नियंत्रित असल्याचे ठरले, की डीजीएफटीच्या पोर्टलवर ऑनलाइन अर्ज करावा लागतो. अर्जासोबत मालाचे तांत्रिक वर्णन, खरेदी आदेश आणि अंतिम वापरकर्त्याने सही-शिक्क्यानिशी दिलेले अंतिम वापराचे प्रमाणपत्र जोडायचे असते. मध्यस्थ असेल तर त्याचीही माहिती द्यावी लागते. अर्ज आंतरमंत्रालयीन गटापुढे जातो, तेथे निरनिराळ्या खात्यांचे प्रतिनिधी तो पाहतात आणि शंका असल्यास खुलासा मागतात. सर्वांत जास्त वेळ याच खुलाशांत जातो, आणि बहुतेक खुलासे टाळता येण्याजोगे असतात: खरेदी आदेशातील संख्या आणि प्रमाणपत्रातील संख्या जुळत नाही, ग्रेडचे नाव एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर भलतेच असते, किंवा ‘औद्योगिक वापर’ असे दोनच शब्द लिहून अंतिम वापराचा रकाना उरकलेला असतो. तेथे कोणत्या यंत्रात, कोणत्या कामासाठी, हे चार ओळींत लिहावे. परवाना हाती येईपर्यंत माल रवाना करू नये, आणि वायदा देताना पार्टीला ही अट आधीच सांगून ठेवावी, म्हणजे पुढे उशिराच्या दंडावरून वाद होत नाहीत.

दोन गोष्टी सर्रास दुर्लक्षिल्या जातात. पहिली म्हणजे नमुना. ‘एकच पीस आहे, कुरिअरने पाठवतो’ किंवा ‘प्रदर्शनात मांडून परत आणायचा आहे’ असे म्हटल्याने नियम बदलत नाही. नियंत्रित वस्तूचा एक पीसही निर्यातच असतो. दुसरी म्हणजे ड्रॉइंग. नियंत्रित मालाचे तंत्रज्ञानही नियंत्रित असते, आणि ते ई-मेलने गेले काय किंवा फोनवरून फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपने गेले काय, कायद्याच्या दृष्टीने ते देशाबाहेर गेले. आपल्याकडे ड्रॉइंगची देवाणघेवाण अजून सर्रास व्हॉट्सअ‍ॅपवर चालते, त्यामुळे निदान नियंत्रित कामाची ड्रॉइंगे कोणाच्या फोनमध्ये आहेत याची नोंद तरी ठेवावी आणि ती पाठवण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे द्यावा.

प्रत्येक निर्यात ऑर्डरची एक फाइल करावी आणि तिच्यात मालाचा तो पहिला कागद, यादीतील ज्या कलमाशी तो ताडून पाहिला त्या पानाची प्रत, पार्टीला विचारलेले प्रश्न व आलेली उत्तरे, परवाना आणि शिपिंग बिल एकत्र ठेवावे. माल यादीत येत नाही असे ठरले असले, तरीही का येत नाही ते दोन ओळींत लिहून तारीख आणि सही करावी: ‘व्यास ६० मिलिमीटर, मर्यादा ७५ च्या वर, म्हणून नियंत्रित नाही’, इतके पुरते. निर्यातीनंतर किमान पाच वर्षे ही फाइल जपून ठेवावी. पुढे कधी न्हावा शेव्याला किंवा त्याहून दूरच्या एखाद्या बंदरात कोणी पेटी उघडून फोन केला, तर त्या दिवशी घाईने जुळवलेल्या खुलाशापेक्षा माल निघण्यापूर्वीच्या तारखेची ती दोन ओळींची नोंद आधी पुढे करावी.